समुदाय नभोवाणीचे थेट प्रक्षेपण : साधनांची निवड

१९५६ साली पुणे नभोवाणी केंद्राने एक प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील दीडशे खेड्यांत श्रोतामंडळे स्थापन करण्यात आली. मंडळाचे सभासद ठरलेल्या वेळी रेडिओभोवती जमत, शेती व ग्रामजीवनाविषयीचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवीत. पुढील कार्यक्रमांतून त्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या या प्रयोगाचे मूल्यमापन पॉल न्यूराथ यांनी केले आणि ग्रामीण नभोवाणीच्या अभ्यासकांनी त्याची दूरवर दखल घेतली. केंद्राकडून गावाकडे जात होता तो आवाज. गावाकडून केंद्राकडे येत होते ते पत्र. हा फरक त्या काळातील साधनांनी घालून दिलेला होता. गावातून आवाज आणावयाचा तर टपाल व तार खात्याची खास तारवाहिनी, ध्वनिमुद्रणाची जड यंत्रे आणि अभियंत्यांसह मोटारगाडी एवढा सरंजाम लागे. राज्यातील मोठ्या समारंभांसाठी तो निघत असे. एखाद्या वाडीतील सभेसाठी तो निघणे शक्य नव्हते.

समुदाय नभोवाणी केंद्रांनी ही स्थिती बदलली आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्या खंडपीठातील न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालपत्राचा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो. डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना लहान केंद्रे चालविण्यास अनुमती देण्याचे धोरण ठरले आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. नोव्हेंबर २००६ मध्ये हे धोरण स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांपर्यंत विस्तारले. ऑक्टोबर २००८ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात दलित महिलांनी चालविलेले ‘संघम रेडिओ’ केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचे केंद्र, सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील ‘माणदेशी तरंग वाहिनी’ अशी केंद्रे या धोरणातून उभी राहिली.

अशा केंद्राचे क्षेत्र लहान असते. प्रभावी प्रक्षेपणशक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅट, मनोरा ३० मीटरपर्यंत आणि आवाजाचा पल्ला भूरचनेनुसार दहा ते पंधरा किलोमीटर. पण हे लहानपण स्थळावरून थेट प्रक्षेपण करताना उपयोगी पडते. ज्या गावातून कार्यक्रम करावयाचा ते गाव केंद्रापासून मोटारसायकलने अर्ध्या तासाच्या अंतरावर असते आणि श्रोते वक्त्यांना नावानिशी ओळखतात. साहजिकच अनेक केंद्रे आता अशा प्रक्षेपणासाठी साधने घेण्याच्या विचारात असतात. केंद्र शासनाच्या योजनेतून साधनसामग्रीसाठी अनुदान मिळू शकते. ग्रामपंचायती व संस्थाही हातभार लावतात. प्रश्न उरतो तो काय घ्यावे हा. त्याचे उत्तर बहुतेक वेळा विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून शोधले जाते, आणि तेथेच खर्चाची दिशा चुकते.

थेट प्रक्षेपण कशासाठी?

साधनांचा विचार करण्यापूर्वी कार्यक्रमांचा विचार करणे आवश्यक आहे. प्रत्येक कार्यक्रम थेट प्रक्षेपित करण्याची गरज नसते. शाळेचे स्नेहसंमेलन ध्वनिमुद्रित करून, काटछाट करून, दुसऱ्या दिवशी ऐकविले तर ते अधिक श्रवणीय होते. मान्यवरांच्या सत्काराची तासभर चालणारी भाषणे थेट ऐकविण्याने तर श्रोता यंत्र बंद करण्यासच प्रवृत्त होतो. याउलट काही प्रसंगांचे मोल त्या क्षणातच असते. बाजार समितीतील सकाळचा कांद्याचा लिलाव हे त्याचे चांगले उदाहरण होय. ट्रॅक्टर भरण्यापूर्वी शेतकऱ्याला आजची बोली कानी पडली तर माल आज काढावा की दोन दिवस थांबावे हे त्याला ठरविता येते. तीच बोली सायंकाळी ऐकवून त्याला काही उपयोग नसतो. गावातील लसीकरण शिबिरात आईने विचारलेल्या शंकेला वैद्यकीय अधिकाऱ्याने तेथल्या तेथे दिलेले उत्तर शेजारच्या चार गावांतील आयांना त्याच दिवशी शिबिराला आणू शकते. धरणातून पाणी सोडण्याची सूचना, यात्रेतील हरवलेल्या मुलांची माहिती, कुस्तीचा फड, ग्रामसभेतील पाणीपुरवठा योजनेवरील चर्चा हेही याच वर्गात येतात.

वर्षभरात असे किती प्रसंग येतील, ते कोणकोणत्या ठिकाणी होतील, प्रत्येक ठिकाणी एकजण बोलणार की दहाजण, छताखाली की उघड्यावर, वीज असेल की नसेल, याची एक साधी यादी केंद्राने करावी. खरेदीचा पहिला कागद तो. दोन मायक्रोफोन पुरतील तेथे सोळा जोडण्यांचा मिक्सर घेण्याचा मोह या यादीने आपोआप आवरतो.

आवाज केंद्रापर्यंत कसा यावा?

थेट प्रक्षेपणाचे यश मायक्रोफोनपेक्षाही स्थळ आणि केंद्र यांना जोडणाऱ्या दुव्यावर अवलंबून असते. उत्तम मायक्रोफोनने टिपलेला आवाज वाटेत तुटला तर श्रोत्याच्या वाट्याला शांतता येते, आणि नभोवाणीवर दहा सेकंदांची शांतताही फार दीर्घ वाटते. म्हणून उपलब्ध रकमेपैकी पहिला विचार या दुव्याचा व्हावा.

सर्वांत सोपा मार्ग साध्या दूरध्वनीचा. पारंपरिक दूरध्वनी सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्याच कंपनसंख्येचा आवाज वाहून नेतो, तर एफ. एम. प्रक्षेपणाची क्षमता १५,००० हर्ट्‌झपर्यंत असते. या अरुंद वाटेतून बोलणे कळते, पण ‘स’ आणि ‘श’ एकमेकांत मिसळतात, टाळ-मृदंग पत्र्यासारखे वाजतात आणि पाच मिनिटांनंतर कान थकतो. चौथ्या पिढीच्या जाळ्यावरून होणाऱ्या मोबाइल संभाषणात आवाज सुमारे ७,००० हर्ट्‌झपर्यंत येऊ शकतो. परंतु दोन्ही टोकांचे यंत्र व सेवा त्यास अनुकूल असतील तरच. दोन मिनिटांच्या वार्तापत्रासाठी हा मार्ग पूर्णपणे योग्य आहे. कोणतीही नवी खरेदी न करता आजच वापरता येण्याजोगा हा दुवा, पुढे कितीही चांगली साधने आली तरी, राखीव म्हणून कायम ठेवावा.

दुसरा मार्ग इंटरनेटचा. येथे आवाजाचे अंकांत रूपांतर करून, तो आटोपशीर करून पाठविला जातो. हे काम करणाऱ्या पद्धतीस कोडेक म्हणतात. २०१२ मध्ये प्रमाणित झालेली ‘ओपस’ ही पद्धत सर्वांना मुक्तपणे उपलब्ध आहे आणि ती वापरणाऱ्या आज्ञावली साध्या स्मार्टफोनवरही चालतात. सेकंदाला ६४ किलोबिट एवढ्या वेगाने पाठविलेला एकमार्गी आवाज भाषणासाठी उत्तम असतो. या वेगाने तासाभराच्या प्रक्षेपणाला केवळ २९ मेगाबाइटच्या आसपास, आणि वहनाचा वरखर्च धरून थोडा अधिक, एवढाच डेटा खर्च होतो. म्हणजे डेटाच्या किमतीचा प्रश्न जवळजवळ उरलेला नाही. प्रश्न आहे तो सातत्याचा. मोबाइल कंपनी आपल्या जाहिरातीत जो वेग सांगते तो माहिती खाली उतरवून घेण्याचा असतो. प्रक्षेपणाला हवा असतो तो वर पाठविण्याचा वेग, आणि तोही तासभर न तुटणारा. क्षणिक वेग कितीही असला तरी मिनिटातून दोनदा खंडित होणारी जोडणी प्रक्षेपणाला निरुपयोगी ठरते.

जोडणीची पारख कशी करावी, याविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगणे आवश्यक आहे. चाचणी त्या जागी, त्या वेळी आणि त्या गर्दीत झाली पाहिजे. मंगळवारी दुपारी रिकाम्या मैदानावर मोबाइल उत्तम चालतो. यात्रेच्या दिवशी त्याच मैदानावर वीस हजार माणसे आपापले मोबाइल घेऊन उभी असतात, मनोरा तोच असतो आणि नेमक्या आरतीच्या वेळी प्रत्येकजण चित्रफीत पाठवू पाहतो. यात्रेची वाट न पाहता ही स्थिती अजमावायची तर आठवडा बाजाराचा दिवस गाठावा. बाजाराच्या ऐन भरात अर्धा तास आवाज पाठवून केंद्रात तो ध्वनिमुद्रित करावा आणि किती वेळा तुटला ते मोजावे. कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा ही अर्ध्या तासाची ध्वनिफीत अधिक खरी असते.

दोन निरनिराळ्या कंपन्यांची सिमकार्डे ठेवण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र ग्रामीण भागात अनेकदा दोन कंपन्यांचे ॲन्टेना एकाच मनोऱ्यावर, एकाच वीजपुरवठ्यावर बसविलेले असतात. तो मनोरा बंद पडला की दोन्ही सिमकार्डे एकदमच मुकी होतात. तेव्हा दुसरी कंपनी निवडताना तिचा मनोरा कोठे आहे याची गावात चौकशी करावी. दोन-तीन जोडण्यांमध्ये आवाज वाटून पाठविणारी खास यंत्रेही मिळतात. ती उपयुक्त असली तरी महाग असतात, आणि एकाच मनोऱ्यावर अवलंबून असलेल्या गावात त्यांचा लाभ मर्यादितच राहतो. जेथे ग्रामपंचायत कार्यालयात किंवा शाळेत तारेची ब्रॉडबँड जोडणी प्रत्यक्ष चालू आहे, तेथे पन्नास मीटर केबल ओढून तीच वापरणे अधिक शहाणपणाचे. या पन्नास मीटर केबलसाठी सरपंचांची किंवा मुख्याध्यापकांची आगाऊ अनुमती व किल्ली मात्र मिळवून ठेवावी. थेट प्रक्षेपणाचे पुष्कळसे अडथळे विद्युत्‌शास्त्रातले नसून कुलपाचे असतात.

तिसरा मार्ग केंद्राच्या स्वतःच्या बिनतारी दुव्याचा. ५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या पट्ट्यातील ठरावीक भाग २०१८ च्या अधिसूचनेनुसार, शक्तीची मर्यादा पाळून, परवान्याविना वापरता येतात. एक लहान ॲन्टेना केंद्राच्या मनोऱ्यावर आणि दुसरा कार्यक्रमस्थळी उंच बांबूवर किंवा शाळेच्या गच्चीवर बसविला की पाच-सात किलोमीटरचे अंतर सहज पार होते. मोबाइल कंपनीचा व गर्दीचा यात काहीही संबंध येत नाही. मात्र दोन्ही ॲन्टेनांनी एकमेकांना अक्षरशः ‘पाहिले’ पाहिजे. मध्ये टेकडी आली तर दुवा जुळत नाही. आमराई आली तर तो जुळल्यासारखा वाटतो आणि पावसाने पाने ओली झाली की तुटतो. नुसती नजरेची रेष मोकळी असणेही पुरत नाही. पाच किलोमीटर अंतराच्या मध्यावर त्या रेषेभोवती सुमारे आठ मीटर त्रिज्येचा अवकाश या लहरी व्यापतात आणि त्यातील निदान पाच मीटर तरी मोकळे असावे लागतात. उन्हाळ्यात झाडे झडलेली असताना केलेली चाचणी श्रावणात फसते ती यामुळे. ज्या दोन-चार ठिकाणांहून वारंवार प्रक्षेपण होते, उदाहरणार्थ बाजार समिती किंवा तालुक्याचे रुग्णालय, तेथे कायमचा खांब उभारून ठेवणे या पद्धतीत सर्वांत फलदायी ठरते. घेतलेल्या यंत्राला आवश्यक ती शासकीय प्रकारमान्यता आहे याची खातरजमा खरेदीपूर्वी करावी. बाजारात स्वस्तात मिळणारे छोटे एफ. एम. प्रक्षेपक दुव्यासाठी वापरण्याची युक्ती काहीजण सुचवितात. ती बेकायदा आहे आणि केंद्राची अनुमतीच तीमुळे धोक्यात येऊ शकते.

मंडपातील ध्वनी

मायक्रोफोनची निवड तुलनेने सोपी आहे. बाह्यस्थळासाठी डायनॅमिक जातीचा, हातात धरावयाचा मायक्रोफोन घ्यावा. त्याला स्वतंत्र वीज लागत नाही, धूळ व दमट हवा तो सोसतो आणि एखाद्या वेळी खाली पडला तरी सहसा चालू राहतो. कन्डेन्सर जातीचा मायक्रोफोन अधिक नाजूक ध्वनी टिपतो खरा, पण मंडपात त्याची ही संवेदनशीलताच गैरसोयीची होते, कारण वक्त्याबरोबर तो शेजारचे जनित्र, रडणारे मूल आणि भोंगाही तितक्याच निष्ठेने टिपतो. त्यावर फोमची टोपी हवीच. वाऱ्याची फडफड नंतर कोणत्याही उपायाने काढता येत नाही. तोंडापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाचा दाब निम्मा होतो, सभोवतालचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. चार बोटांच्या अंतरावर धरलेला साधा मायक्रोफोन हातभर अंतरावरील महागड्या मायक्रोफोनपेक्षा चांगला ठरतो, तो यामुळेच.

कीर्तन, ग्रामसभा, शेतकरी मेळावा अशा ठिकाणी ध्वनिक्षेपकाची व्यवस्था आधीच झालेली असते. अशा वेळी साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट आवाज घेणे सोयीचे असते. येथे दोन धोके आहेत. पहिला धोका जिवाचा. कर्ण्यांकडे जाणाऱ्या तारांमध्ये १०० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. त्या तारांवरून आवाज घेण्याचा प्रयत्न केल्यास केंद्राचे यंत्र जळेल आणि हाताळणाऱ्याला धक्काही बसेल. आवाज घ्यावयाचा तो मिक्सरच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या ‘लाइन आउट’ जोडणीतूनच. दुसरा धोका गुणगुणाटाचा. दोन यंत्रांचे अर्थिंग भिन्न असले की ५० हर्ट्‌झचा अखंड घुंकार आवाजात शिरतो. त्यावर उपाय म्हणजे मध्ये विलगीकरण ट्रान्सफॉर्मर असलेली छोटी पेटी बसविणे. आकाराने मुठीएवढ्या व किमतीने किरकोळ असलेल्या या पेटीचा उल्लेख खरेदीच्या याद्यांत बहुधा नसतो. वस्तुतः ज्या केंद्राला वर्षातून चारच कार्यक्रम मंडपातून करावयाचे आहेत त्यानेही ती पहिल्या दिवशी घ्यावी. त्याखेरीज श्रोत्यांच्या प्रतिसादासाठी केंद्राचा स्वतःचा एक मायक्रोफोन वेगळा हवा, कारण साउंडवाल्याकडून येणाऱ्या आवाजात टाळ्या नसतात, हशा नसतो आणि मागच्या रांगेतून उठून प्रश्न विचारणाऱ्या बाईचा आवाज तर नसतोच.

केबल तीन पिनांच्या, संतुलित जातीच्या घ्याव्यात. त्या लांबवर नेल्या तरी गुणगुणाट घेत नाहीत. विजेच्या वायरला समांतर त्या टाकू नयेत; ओलांडावयाचे असल्यास काटकोनात ओलांडावे. प्रत्येक जातीची एक केबल जास्तीची असावी. बंद पडणाऱ्या वस्तूंत यंत्रे कमी आणि केबल व पिना अधिक असतात.

परतीचा आवाज

स्थळावरील निवेदिकेला केंद्रातील सहकाऱ्याचे ऐकू आले नाही तर थेट प्रक्षेपण हे एकतर्फी भाषण होते. त्यासाठी परतीची वाट लागते आणि या वाटेकडे निवड करताना सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. इंटरनेटवरून येणाऱ्या आवाजाला अर्धा ते दोन सेकंदांचा विलंब लागतो. निवेदिकेने कानाला रेडिओ लावून आपलेच प्रक्षेपण ऐकण्याचा प्रयत्न केला तर स्वतःचे वाक्य तिला उशिरा ऐकू येते आणि ती अडखळते. माणसाची वाणी अशा विलंबित प्रतिध्वनीपुढे टिकत नाही, हा सर्वमान्य अनुभव आहे. म्हणून केंद्राच्या मिक्सरमधून तिचा स्वतःचा आवाज वगळून बाकीचे सर्व ध्वनी तिच्याकडे परत पाठविण्याची सोय हवी. केंद्रासाठी मिक्सर घेताना त्यात अशी स्वतंत्र जोडणी, म्हणजे सहायक निर्गम, आहे काय हे अवश्य पाहावे. अनेक साध्या मिक्सरमध्ये ती असते. वापरली मात्र जात नाही. हीही व्यवस्था नसेल तर दुसऱ्या मोबाइलवरून केंद्रातील तंत्रज्ञाशी संपर्क ठेवावा. तो मोबाइल ज्या सहायकाच्या हाती असेल त्याने खुणेने सूचना द्याव्यात, हा जुना मार्ग अजूनही खात्रीचा आहे.

वीज

ग्रामीण भागातील कार्यक्रमात वीज जाणार हे गृहीत धरूनच साधने निवडावीत. बारा व्होल्टवर थेट चालणारी उपकरणे मिळत असतील तर त्यांना अग्रक्रम द्यावा; बॅटरीची वीज इन्व्हर्टरने २३० व्होल्टवर नेऊन पुन्हा खाली उतरविण्यात तिचा बराचसा भाग वाया जातो. हिशेब सोपा आहे. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासाच्या बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा असते. शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्यापेक्षा अधिक रिकामी करू नये, म्हणून ४२ वॅट-तास हाती राहतात. लहान मिक्सर व मोबाइल राउटर मिळून दहा वॅट घेत असतील तर चार तास काम चालते. यापेक्षा सोळा जोडण्यांचा मोठा मिक्सर नेला की हाच कालावधी तासावर येतो. जनित्र वापरावयाचे झाल्यास ते मंडपापासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूस असावे. पावसाळ्यात सर्व जोडण्या जमिनीपासून उंच, टेबलावर असाव्यात आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच असलेल्या फळीतूनच वीज घ्यावी. कार्यक्रम चालू ठेवण्यासाठी ओल्या मैदानात सहायकाचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार कोणत्याही केंद्रप्रमुखाला नाही.

खरेदीचा कागद

कृषी विज्ञान केंद्रे, विद्यापीठे व शासकीय साहाय्य घेणाऱ्या संस्था यांना खरेदीच्या नियमांचे पालन करावे लागते. निविदेत यंत्राचे नाव न लिहिता त्याने करावयाचे काम लिहावे, हे तत्त्व सर्वज्ञात आहे. परंतु काम कसे लिहावे याविषयी गोंधळ आढळतो. ‘उत्तम दर्जाचा बाह्यप्रक्षेपण संच’ एवढेच लिहिले तर सर्वांत कमी दराचा विक्रेता जे देईल ते स्वीकारणे भाग पडते. त्याऐवजी ‘केंद्रापासून अमुक अंतरावरील अमुक ग्रामपंचायतीच्या आवारातून, बाह्य वीजपुरवठ्याविना, तीन तास, दोन मायक्रोफोन व एक लाइन जोडणी यांचा आवाज परतीच्या आवाजासह केंद्रात पोहोचविणे’ असे लिहावे आणि त्याचे प्रत्यक्ष स्थळावरील प्रात्यक्षिक यशस्वी झाल्यानंतरच रक्कम अदा करण्याची अट घालावी. दुरुस्ती जिल्ह्याच्या ठिकाणी होईल काय, बॅटरी व केबल स्थानिक बाजारात मिळतील काय, हेही विचारावे. परदेशी बनावटीचे उत्कृष्ट यंत्र दुरुस्तीसाठी चार महिने महानगरात पडून राहिले तर त्या चार महिन्यांत केंद्राकडे काहीच नसते. याउलट दोन साधे संच घेतले तर एक नादुरुस्त असताना दुसऱ्यावर काम भागते. बहुतेक लहान केंद्रांच्या बाबतीत एका भारी संचापेक्षा दोन साधे संच हीच योग्य निवड होय.

संच हाताळणारी व्यक्ती कोण, हाही साधनाच्या निवडीचाच भाग आहे. स्वयंसेवक बदलत राहतात. शेतमजुरी सांभाळून केंद्रावर येणाऱ्या महिलेला एका दिवसात शिकता येईल, बटणांवरील अक्षरे तिच्या भाषेत चिकटपट्टीवर लिहून ठेवता येतील आणि एकटीने पिशवीतून नेता येईल, असा संच असावा. जो संच केवळ एका तंत्रज्ञालाच चालविता येतो, तो त्या तंत्रज्ञाला नोकरी मिळाली की कपाटात जातो.

थेट म्हणजे माघार नाही

ध्वनिमुद्रित कार्यक्रमात चुकीचे वाक्य काढून टाकता येते. थेट कार्यक्रमात ते उच्चारताच पोहोचलेले असते. समुदाय नभोवाणीला स्वतःच्या बातम्या प्रसारित करता येत नाहीत. आकाशवाणीची बातमीपत्रे मात्र जशीच्या तशी सहक्षेपित करता येतात. हवामान, वाहतूक, क्रीडा, सण-उत्सव, परीक्षा, पाणी-वीजपुरवठा, नैसर्गिक आपत्ती यांविषयीची स्थानिक माहिती देण्यास अनुमती आहे. ग्रामसभेचे प्रक्षेपण या मर्यादेच्या अगदी काठावर असते. पाणी योजनेवरील चर्चा गटबाजीच्या आरोपांकडे केव्हा वळेल याचा नेम नसतो आणि निवडणुकीच्या काळात तर विशेष दक्षता हवी. काही सेकंद आवाज थोपवून धरणारे विलंबयंत्र यासाठी मिळते. संगणकावरील आज्ञावलीनेही ते काम होते. पण यंत्राआधीचा उपाय हातातच आहे. निवेदिकेने मायक्रोफोन कोणाच्याही हाती देऊ नये, स्वतः धरावा. बोलणाऱ्यासमोरून तो दोन सेकंदांत मागे घेता येतो. पीडित व्यक्तीचे किंवा अल्पवयीन मुलाचे नाव उच्चारले जाणार नाही याची कल्पना वक्त्यांना आधीच द्यावी.

प्रक्षेपित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवण्याची अट केंद्रांवर आहे. त्यासाठी केंद्रातील नोंद पुरेशी असली तरी स्थळावरही एक छोटा ध्वनिमुद्रक सतत चालू ठेवावा. दुवा तुटला तर केंद्राने तयार ठेवलेले दहा मिनिटांचे गाणे किंवा माहिती लावावी आणि राहिलेला भाग त्या ध्वनिमुद्रकातून नंतर ऐकवावा.

आपत्तीच्या वेळी

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पुराच्या पाण्याखाली गेले तेव्हा विजेबरोबर मोबाइल सेवाही कोलमडली. ज्या दिवशी लोकांना आवाजाची सर्वाधिक गरज होती त्याच दिवशी मनोरे मुके झाले. खिशातील बॅटरीवर चालणारा रेडिओ मात्र अशा वेळी चालू राहू शकतो, केंद्राचा प्रक्षेपक चालू असेल तर. यावरून निवडीचा एक निकष स्पष्ट होतो. मोबाइलवर अवलंबून असलेला दुवा कीर्तनाला, मेळाव्याला व लिलावाला पुरेसा आहे. पुराच्या दिवशी त्यावर विसंबता येत नाही. नदीकाठच्या किंवा घाटपायथ्याच्या केंद्राने निदान तहसील कार्यालयाशी किंवा तेथील नियंत्रण कक्षाशी स्वतःचा बिनतारी दुवा कायम जोडून ठेवावा. त्याची दोन्ही टोके बॅटरीवर चालतील आणि यंत्रे पूररेषेच्या वर, गच्चीवर असतील असे पाहावे. उपग्रह दूरध्वनीचा पर्याय सुचविला जातो, पण परवान्याविना तो बाळगणे गुन्हा आहे. पाण्याची पातळी सांगणारी व्यक्ती अधिकृत असावी, तिचे नाव व हुद्दा प्रत्येक वेळी उच्चारला जावा आणि माहिती किती वाजताची आहे हे आधी सांगितले जावे. पुराच्या दिवशी तासापूर्वीची पातळी ही चुकीची पातळी असते.

हा दुवा पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, एकदा वीज मुद्दाम बंद करून तपासावा. तपासणीच्या वेळी तहसील कार्यालयातील जी व्यक्ती मायक्रोफोनपुढे बसेल, तीच पुराच्या रात्री कामावर असेल असे नाही; म्हणून तेथील निदान तिघांना संच सुरू करता आला पाहिजे, आणि तो ज्या खोलीत आहे त्या खोलीची किल्ली रात्रपाळीच्या शिपायाजवळ असली पाहिजे.